रबराची साखळी : किती तोडावी, कोठे थांबावे

जबलपूरच्या महाराजपूर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन निदेशालय आहे. तण विज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र म्हणून 1989 मध्ये त्याची सुरुवात झाली. गाजरगवत हा तेथील अभ्यासाचा एक मोठा विषय असून ऑगस्टमध्ये पाळल्या जाणाऱ्या गाजरगवत जागृती सप्ताहामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही या संस्थेचा परिचय आहे. आपल्याकडे पुण्यात 1955 च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले हे तण ज्या वनस्पती-प्रजातीत मोडते, त्याच प्रजातीतील ग्वायूल नावाचे मेक्सिकोकडचे झुडूप मात्र मुद्दाम लावले जाते. कारण त्याच्या खोडात आणि मुळांत रबर साठते. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज ताब्यात घेतल्यावर अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला, तेव्हा तेथील सरकारने ग्वायूलच्या लागवडीचा फार मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. एका बहिणीला उपटून जाळावे आणि दुसरीची रोपवाटिका करावी, असा हा योग आहे.

आपल्या बांधावरच्या रुईत आणि नायटीतही पांढरा चीक असतो. रुईच्या चिकात रबर थोडे आणि राळ अधिक, म्हणून त्याचा व्यापारी उपयोग झाला नाही. जगाची गरज भागवतो तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेला रबरवृक्ष. ब्रिटिशांनी 1876 मध्ये त्याचे बी ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेले आणि तेथून रोपे आशियात आली. भारतात पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे 1902 मध्ये पहिला व्यापारी मळा उभा राहिला. केरळातून आलेल्या बागायतदारांनी हेच झाड पुढे सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात रुजवले. उत्तर कोकणात, आजच्या पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे, भारतीय रबर संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र असून कोरड्या उन्हाळ्यात हे झाड कसे तग धरते, याचा अभ्यास तेथे झाला आहे.

झाड तग धरते, चीकही देते. त्या चिकाचे पुढे काय करावे, हा प्रश्न मात्र लहान बागायतदारापुढे रोज पहाटे नव्याने उभा राहतो. चीक विकावा, शीट करावी, की आणखी काही? ‘आणखी काही’मध्ये अलीकडे द्रवरूप नैसर्गिक रबराचे नाव घेतले जाते. चिकातील रबराचे लांबलचक रेणू रासायनिक क्रियेने तोडून मधासारखे ओतता येणारे रबर तयार करणे, हा त्यामागचा विचार. त्यातले शास्त्र काय आहे आणि कोकणातील बागायतदाराने त्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, ते येथे मांडले आहे.

चिकात काय असते

रबराच्या झाडाला पहाटे काप देतात. त्या वेळी सालीतील चीकवाहिन्यांमधला दाब सर्वाधिक असतो आणि चीक भरपूर वाहतो. करवंटीत जमणाऱ्या या दुधात साधारण एक तृतीयांश रबर असते. उरलेले बहुतांश पाणी, त्यात थोडी प्रथिने, मेदद्रव्ये, शर्करा आणि क्षार. रबराचे अतिसूक्ष्म कण प्रथिने व मेदद्रव्यांच्या आवरणामुळे एकमेकांपासून दूर राहतात. हवेतील जीवाणू शर्करेवर वाढून आम्ल तयार करू लागले, की हे आवरण निकामी होते आणि काही तासांतच चीक साकळतो. तो टिकवायचा असेल तर बागेतच अमोनिया घालावा लागतो. टिकवायचा नसेल, तर पातळ फॉर्मिक आम्लाने आपणच साकळवून, लाटून, धुरीघरात वाळवून शीट करावी लागते.

प्रत्येक कणात शेकडो रबररेणू असतात. रबररेणू म्हणजे आयसोप्रीन या पाच कार्बनी एककांची साखळी. एका एककाचा भार 68. नैसर्गिक रबराचा सरासरी रेणुभार दहा लाखांच्या घरात असतो, म्हणजे एका साखळीत सुमारे 14,700 एकके ओवलेली असतात, आणि प्रत्येक एककात एक दुहेरी बंध असतो. रबराचा ताण, त्याची लवचीकता आणि त्याचे हट्टीपण या लांबीतून येते. इतक्या लांब साखळ्या एकमेकींत अशा गुंततात, की रबर ना सहज वितळते, ना त्यात काजळी किंवा गंधक सहज मिसळते.

लंडनमध्ये थॉमस हॅन्कॉकने 1820 मध्ये रबराचे टाकाऊ तुकडे बारीक करण्यासाठी दातेरी रूळ असलेले यंत्र बनवले. तुकडे बारीक होण्याऐवजी आतून गरम, मऊ गोळा बाहेर आला. यंत्राच्या ओढाताणीने साखळ्या तुटत होत्या आणि हवेतील प्राणवायू तुटलेली टोके पुन्हा जुळू देत नव्हता. हा उलगडा पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने झाला. टायरच्या कारखान्यात आजही कच्च्या रबराचे असे मर्दन करतात आणि त्यावर पुष्कळ वीज खर्च होते. बंबातल्या लाकडासारखा हा खर्च नजरेत भरत नाही, पण तो प्रत्येक टायरमध्ये आहे.

साखळी मोडणे हे रबर समजून घेण्याचेही साधन ठरले. कार्ल हॅरिस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ओझोनने रबर तोडले आणि पडलेल्या तुकड्यांवरून दुहेरी बंध कोठे असतात, हे ताडले. तरीही रबर म्हणजे लहान रेणूंचा पुंजका, असाच त्याचा समज होता. ही एक अखंड लांब साखळी आहे, हे 1920 मध्ये मांडले हेर्मान श्टाउडिंगर यांनी, आणि ते मान्य होण्यास आणखी दशकभर वाद झाला.

हिशेब तीनशेत एकाचा

द्रवरूप रबराचा रेणुभार साधारणपणे काही हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत असतो. उदाहरणासाठी वीस हजार धरू. दहा लाखांच्या एका साखळीचे वीस हजारांचे पन्नास तुकडे करायचे, म्हणजे 49 ठिकाणी काप द्यायचे. साखळीत दुहेरी बंध 14,700. तेव्हा दर तीनशे बंधांमागे फक्त एक तुटायला हवा. उरलेले 299 जसेच्या तसे राहायला हवेत. कारण त्यांच्यामुळेच हा पदार्थ रबर राहतो आणि पुढे गंधकाशी जोडला जाऊ शकतो. काप थोडे कमी पडले तर गोळा चिकट, घट्ट राहतो. थोडे जास्त पडले तर हाती येते ते केवळ चिकट तेल. या तंत्राची सगळी कसोटी तोडण्यापेक्षा थांबण्यात आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या अर्धवट माहितीत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

कापांसाठी आजवर अनेक हत्यारे वापरली गेली. सर्वांत जुने म्हणजे उष्णता. वाळलेले रबर दोनशे अंशांच्या वर तापवले, की साखळ्या तुटतात. कोट्टायमच्या रबर संशोधन संस्थेतही या मार्गाचा अभ्यास झाला आहे. पद्धत सोपी, पण रंग काळपट होतो आणि कापांवर ताबा राहत नाही.

चीक पाण्यातच असताना तो तोडायचा, तर फिनाइलहायड्रॅझिन आणि हवा यांची जोडी प्रसिद्ध आहे. चीक आधी स्थिरीकारक घालून साकळणार नाही असा करतात, साठ-सत्तर अंशांवर ठेवून त्यात हवा सोडतात आणि सुमारे एका दिवसात रेणुभार उतरवतात. फ्रेंच संशोधकांनी ही पद्धत विकसित केली आणि 1980 च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये ती प्रायोगिक कारखान्याच्या पातळीवर नेली. फिनाइलहायड्रॅझिन हे मात्र रक्तातील तांबड्या पेशी फोडणारे विषारी द्रव्य आहे. त्याचा अंश तुकड्यांच्या टोकांनाच चिकटून राहतो, म्हणून धुऊनही तो पूर्ण जात नाही. पोटॅशियम परसल्फेट आणि प्रोपॅनल यांची जोडी हेच काम काही तासांत करते. त्यासाठी प्रथिने काढलेला चीक घेतला तर परिणाम अधिक नेटका येतो. प्रोपॅनल अत्यंत ज्वालाग्राही आहे, हे येथे विसरू नये.

कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील रवींद्रन, गोपीनाथन नायर आणि जोसेफ फ्रान्सिस यांनी 1980 च्या दशकात दाखवलेली वाट मला सर्वांत आपली वाटते. त्यांनी रबर टोल्युइनमध्ये विरघळवून त्यात हायड्रोजन परॉक्साइड मिसळले आणि त्यावर प्रकाश पाडला. अतिनील दिव्याबरोबरच साधे ऊनही चालले. प्रकाशाने परॉक्साइडचे दोन तुकडे होतात. हे तुकडे साखळी तोडतात आणि तुटलेल्या टोकाला हायड्रॉक्सिल गट जोडतात. हे टोक फार उपयोगी, कारण त्याला आयसोसायनेटशी जोडून पॉलियुरेथेन तयार करता येते. उन्हाला पैसे पडत नाहीत. टोल्युइनला मात्र पडतात, आणि त्याची वाफ श्वासातून जाणे व पेट घेणे या दोन्ही दृष्टींनी धोक्याची आहे.

नेमकेपणाच्या दृष्टीने पहावे तर पराआयोडिक आम्लाची पद्धत सरस आहे. तीत आधी हायड्रोजन परॉक्साइड आणि फॉर्मिक आम्लाने साखळीतील मोजक्या दुहेरी बंधांवर प्राणवायूचा एकेक अणू बसवतात. म्हणजे झाडावर कोठे काप द्यायचा याच्या खुणा करून घेतात. मग पराआयोडिक आम्ल त्या खुणांवरच तोडते. एका टोकाला अल्डिहाइड, दुसऱ्याला कीटोन येतो. हिशेब करून पाहू. शंभर लिटर चिकात साधारण 33 किलो रबर. ते वीस हजार रेणुभारापर्यंत उतरवायचे तर केवळ कापांपुरते सुमारे 370 ग्रॅम पराआयोडिक आम्ल सैद्धांतिकदृष्ट्या लागेल. प्रत्यक्षात ते जास्तच लागते, आणि हे आयोडीनयुक्त आम्ल महाग असते. म्हणून ही पद्धत बहुधा प्रयोगशाळेतच राहिली आहे.

जीवाणूंकडूनही आशा बाळगली जाते. जर्मनीतील संशोधकांनी रबर खाणाऱ्या जीवाणूंमधून रॉक्स-ए नावाचे विकर वेगळे केले. ते कोणतेही विषारी द्रव्य न वापरता साखळी तोडते, पण टोकाकडून कुरतडत तीन-तीन एककांचे तुकडे पाडते. आपल्याला हवे होते तीनशेच्या आसपासचे तुकडे! स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूतील दुसरे एक विकर मधूनच तोडते. काम त्या दिशेने चालू आहे.

इतका खटाटोप कशासाठी

टायर, पट्टे, बुटांचे तळवे यांच्या मिश्रणात रबर मऊ करण्यासाठी खनिज तेल घालतात. हे तेल पुढे हळूहळू बाहेर पाझरते. द्रवरूप रबरही तितकेच मऊ करते. फरक असा की व्हल्कनीकरणाच्या वेळी ते स्वतःच गंधकाने मूळ रबराशी बांधले जाते आणि बाहेर येत नाही. त्याखेरीज चिकटद्रव्ये, सांधे बुजवणारे लेप, साच्यात ओतून करायच्या वस्तू आणि ठिसूळ इपॉक्सी राळेला चिवटपणा देणे, असे त्याचे उपयोग आहेत. पेट्रोलियमपासून बनणाऱ्या द्रवरूप रबरांशी त्याची स्पर्धा आहे. खनिज तेल स्वस्त झाले, की ही स्पर्धा अवघड होते, आणि नैसर्गिक रबराचा भावही त्याच तेलामागे हेलकावे खात असतो. एका टोकाला उत्पादनाची किंमत, दुसऱ्या टोकाला कच्च्या मालाची, दोन्ही एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. बागायतदाराने हे लक्षात ठेवावे.

आता दोडामार्गाकडे वळू. तेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर झाडाला पावसाची टोपी बांधूनच काप देता येतो. शीट केली तरी वाळत नाही, तिच्यावर बुरशी धरते, धुरीघराला कोरडे लाकूड मिळत नाही. अशा वेळी शीट करूच नये, चिकाचेच थेट द्रवरूप रबर करावे, ही कल्पना साहजिकच मोहवते. एक गोष्ट मात्र या कल्पनेत सुटून जाते. चिकातील साखळ्या तोडल्या म्हणजे चिकातील पाणी गेले, असे नाही. उलट साधे रबर साकळले तर त्याची पापडीसारखी लाटी होते, तिला वारा लागतो, पाणी निथळते. तोडलेले रबर साकळवले तर काकवीसारखा गोळा हाताला लागतो. त्याला वारा आतपर्यंत लागत नाही. ते निर्वात भांड्यात, पातळ थरात, हळूहळू वाळवावे लागते. पावसाळ्याची जी अडचण चुकवायला निघालो, ती अधिक महाग होऊन समोर येते.

शिवाय उरलेल्या पाण्याचे काय? त्यात प्रथिनांबरोबर न वापरलेली रसायनेही असतात. धुरीघरामागच्या खड्ड्यात ते सोडता येणार नाही; दोडामार्गात खड्ड्यातले पाणी ओढ्याला मिळायला एक पाऊस पुरतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. एका-दोन एकरांच्या बागायतदाराने हे काम शेडमध्ये करून पाहू नये, मग चलचित्रात ते कितीही सोपे दिसो. रेणुभार कोठवर उतरला, हे क्षणोक्षणी मोजणारी व्यवस्था, निर्वात वाळवण आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण या तीन गोष्टी जेथे आहेत, तेथेच ते शोभते. अशी जागा म्हणजे अनेक बागांचा चीक एकत्र करून यंत्रावर साठ टक्क्यांपर्यंत दाट करणारे केंद्र, म्हणजे सेंट्रिफ्यूज कारखाना. बागायतदाराचा वाटा त्याच्या आधीचा आहे: चीक स्वच्छ, ताजा आणि योग्य अमोनिया घातलेला पोहोचवणे. द्रवरूप रबराला चांगला भाव मिळेल तो अशाच चिकाला मिळेल.

साखळी तुटते तेव्हा, न सांगता

रबराच्या साखळ्या तोडणे ही प्रयोगशाळेतली नवलाई आहे, असे वाटत असेल तर माळ्यावरच्या शीट पहाव्यात. दोन-तीन महिन्यांत एखादी शीट चिकट, ढिली होते, बोटाला लागते, शेजारच्या शीटला धरते. व्यापारी तिचा दर्जा उतरवतो. हेच ते रासायनिक विघटन, केवळ आपण न मागितलेले. रबराने आपल्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास प्राणवायू शोषला, तरी ते कामातून जाते. शीट कडक उन्हात लांबवर पडून राहिली, की प्रकाश हे काम वेगाने करतो. कोचीनच्या संशोधकांनी मुद्दाम केले तेच, परॉक्साइड नसल्यामुळे अधिक संथ आणि अनियंत्रित.

यापेक्षा मोठा गुन्हेगार तांबे. तांब्याचा आणि मँगनीजचा अतिसूक्ष्म अंशही प्राणवायूच्या या क्रियेचा उत्प्रेरक ठरतो. दाट केलेल्या चिकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात या दोहोंची मर्यादा घन पदार्थाच्या किलोमागे आठ मिलिग्रॅम इतकीच आहे. आता आपल्याकडे काय होते ते पाहा. पावसाळ्यापूर्वी रबराच्या पानगळीवर आणि शेजारच्या सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद, आणि मोरचूद म्हणजे तांबे. फवारणीचे थेंब कापाच्या खाचेत, करवंटीत किंवा चीक गोळा करायच्या बादलीत पडले, की वर्षभराच्या रबरात विघटनाचे बी पेरले जाते. फवारणीच्या दिवशी करवंट्या उलट्या करून ठेवाव्यात. फवारणीनंतरच्या पहिल्या कापाचा चीक वेगळा ठेवून हलक्या मालात घालावा.

आपल्या घरातली तांब्या-पितळेची भांडी हा दुसरा मार्ग. घंगाळ किंवा पितळेचे पातेले माजघरातून उठून चिकाच्या शेडमध्ये येते, कारण ते मोठे असते आणि हाताशी असते. अमोनिया तांब्याला चटकन विरघळवतो आणि त्याचे निळसर पाणी चिकात उतरते. चीक ॲल्युमिनियमच्या, स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातच घ्यावा. गाळणी स्टीलच्या जाळीची असावी, पितळेच्या जाळीची कधीही नसावी. गाळणीचा विचार सहसा कोणी करत नाही. भांडे बदलले जाते आणि जाळी जुनीच राहते.

कोणी प्रयोगापुरते द्रवरूप रबर करणाऱ्या केंद्राला चीक देणार असेल, तर तांब्याचा हा नियम त्याने आणखी काटेकोर पाळावा. अशा केंद्रात कापांचा दर तीनशेत एक इतका ठरवलेला असतो, आणि तांबे आपले स्वतःचे काप त्यात मिसळत राहते. काम संपल्यावर, पिंपात भरून ठेवल्यावरही ते थांबत नाही. काढताना मधासारखे असलेले रबर ग्राहकाच्या दारी तेलासारखे पोहोचले, तर चूक रसायनज्ञाची की बागेतल्या गाळणीची, हे सांगणे कठीण होते. म्हणून चीक देण्यापूर्वी केंद्राने तांबे व मँगनीजची तपासणी करावी आणि त्याचा अहवाल बागायतदाराला द्यावा, अशी अट करारातच घालून घ्यावी. तपासणीचा नमुना घेताना तो अमोनिया घालून, काठोकाठ भरलेल्या, प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत द्यावा. पत्र्याचे झाकण असलेली बाटली वापरू नये.